जागा रिकामी आहे म्हणून घर होत नाही

"आमच्यानंतर याचं कसं होणार?" हा प्रश्न गंभीर अपंगत्व असलेल्या मुलांच्या आईवडिलांच्या मनात वर्षानुवर्षे घर करून असतो, पण तो उघडपणे विचारला जातो तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो. आई अंथरुणाला खिळते, चाळिशीतल्या मुलाला उचलणे वडिलांच्या हातून होईनासे होते, किंवा घरातले कर्ते माणूस अचानक जाते, आणि मग शोध सुरू होतो. या शोधात त्या मुलाला कुठे राहायचे आहे, कोणासोबत राहायचे आहे, सकाळी किती वाजता उठायला आवडते, हे कोणी विचारत नाही. अपंगत्वाचा प्रकार कोणता, ते किती तीव्र आहे आणि सध्या जागा कुठे रिकामी आहे, एवढ्यावर बोलणे आटोपते. जागा मिळाली की कुटुंब सुटकेचा निःश्वास टाकते, आणि ते अगदी स्वाभाविक आहे. पण त्या जागेत पुढची तीस-चाळीस वर्षे काढायची असतात ती दुसऱ्याच कोणाला तरी.

दिव्यांगांसाठीच्या विशेष घरांची टंचाई खरी आहे आणि ती मोठी आहे. तरीही माझे म्हणणे असे की जी घरे आहेत तीसुद्धा आपण उलट्या क्रमाने वाटतो: आधी जागा, मग तिच्यात बसेल असा माणूस. हा क्रम सुलटा करायचा तर घराचा विचार त्या माणसाच्या रोजच्या दिवसापासून सुरू करावा लागेल, आणि घर देणारा व सेवा देणारा हे दोन वेगळे पक्ष ठेवावे लागतील. यातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. पण तिच्याकडे येण्याआधी योग्य घर म्हणजे काय, हे जरा बारकाईने पाहायला हवे, कारण या विषयात ढोबळ बोलण्याने फार नुकसान झाले आहे.

'व्हीलचेअरसाठी सोयीचे' असे घराच्या माहितीत लिहिलेले असते. प्रत्यक्ष जाऊन पाहावे तर दारासमोर उतार बांधलेला असतो आणि बाथरूमच्या भिंतीला धरायला दोन दांडे असतात, बस्स. व्हीलचेअर पूर्ण वळवायला साधारण १५०० मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते, असे अनेक देशांची बांधकाम-मानके धरतात. ती जागा दिवाणखान्यात असून कमोडशेजारी नसेल, तर तिचा उपयोग पाहुण्यांना. बाथरूमचे दार आत उघडणारे असेल आणि आतला माणूस घसरून त्याच दाराला टेकून पडला, तर बाहेरच्याला दार ढकलता येत नाही. म्हणून सरकते किंवा बाहेर उघडणारे दार ही चैनीची बाब नव्हे. मात्र सर्वांत बोलका तपशील छताला सापडतो. ज्यांना स्वतःच्या बळावर पलंगावरून उठता येत नाही त्यांच्यासाठी छतातल्या रुळावरून सरकणारे उचलयंत्र, म्हणजे होइस्ट, बसवतात. कित्येक घरांत हा रूळ झोपण्याच्या खोलीतच संपतो, कारण बाथरूमच्या दारावरचे लिंटेल, म्हणजे चौकटीवरची आडवी तुळई, मध्ये येते, आणि रूळ पलीकडे न्यायचा तर तिथली चौकट छतापर्यंत मोकळी ठेवावी लागेल हे बांधताना कोणाच्या ध्यानात आलेले नसते. मग त्या माणसाला यंत्राने पलंगावरून खुर्चीत बसवतात, खुर्ची बाथरूमपर्यंत ढकलतात आणि तिथून अंघोळीच्या आसनावर हातांनी उचलून ठेवतात. त्याला दोन मदतनीस लागतात. दुसरा मदतनीस ज्या वेळी येईल ती त्याच्या अंघोळीची वेळ. एका लिंटेलपायी एका प्रौढ माणसाची सकाळ दुसऱ्यांच्या वेळापत्रकाला बांधली जाते, आणि ती कायमची.

खर्चाचा मुद्दा काढणाऱ्यांनीही या छताकडे पाहावे. रूळ न्यायला आलेला खर्च एकदाच होतो, दुसऱ्या मदतनिसाचा पगार दरमहा द्यावा लागतो. वाईट घर स्वस्त वाटते ते त्याचा खर्च सेवेच्या खात्यात टाकला जातो म्हणून. घर बांधणारे खाते आणि सेवेचे पैसे देणारे खाते एकमेकांशी बोलत नसेल, तर हा हिशेब कोणीच मांडत नाही.

शिवाय 'दिव्यांग' या एका शब्दाखाली एकमेकांना छेद देणाऱ्या गरजा नांदतात. व्हेंटिलेटरवर असलेल्याला वीज गेल्यावर तो कसा चालणार याची खात्री हवी. स्वमग्न व्यक्तीला शेजारच्या खोलीतला मिक्सर किंवा लुकलुकणारी ट्यूबलाइट असह्य होऊ शकते, तिला जाड भिंती आणि माणसांपासून बाजूला होण्यासाठी एखादा शांत कोपरा लागतो. जिला अनावर उद्रेक होतात तिच्यासाठी न फुटणारी काच आणि दणकट भिंत हवी, आणि तरी ते घर तुरुंगासारखे दिसता कामा नये. बहिऱ्या व्यक्तीला मोकळ्या दृष्टिरेषा हव्यात. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठात बहिऱ्यांच्या गरजेतून वास्तुरचनेचा स्वतंत्र विचार झाला आहे: खाणाखुणांनी बोलत दोघांना शेजारी चालता येईल इतके रुंद मार्ग, हात आणि चेहरा स्पष्ट दिसेल असे भिंतींचे रंग, डोळ्यांवर न येणारा प्रकाश. हे सगळे एका नकाशात बसत नाही आणि बसवण्याचा हट्टही धरू नये.

ऑस्ट्रेलियाने या वेगळेपणाला निदान नियमांत जागा दिली. २०१३ च्या कायद्याने तिथे राष्ट्रीय अपंगत्व विमा योजना उभी राहिली आणि २०१६ पासून तिच्यात विशेष घरांसाठी वेगळा निधी आला. हा पैसा पात्र व्यक्तीच्या योजनेत मंजूर होतो आणि ती ज्या घरात राहील त्याच्या मालकाला मिळतो. म्हणजे कागदावर तरी पैसा माणसाच्या मागे जातो. घरांचे चार प्रकार ठरवले आहेत: राहणे सोपे व्हावे म्हणून सुधारलेले, शारीरिकदृष्ट्या पूर्ण सुगम (म्हणजे अडथळ्याविना वापरता येईल असे), भक्कम, आणि मोठ्या शारीरिक आधारासाठीचे. या शेवटच्या प्रकारात वीज गेल्यास किमान २ तास पुरेल अशी पर्यायी सोयही मानकात आहे. योजनेतल्या सुमारे ६ टक्के लोकांनाच अशा विशेष घराची गरज भासेल, असा तिथला अंदाज होता. बाकीच्यांचे काम साध्या, पण नीट बांधलेल्या घरात भागावे हे त्यात गृहीत होते.

या व्यवस्थेतून काय साधले आणि काय निसटले, दोन्ही शिकण्यासारखे आहे. चांगली घरे बांधली गेली, खासगी पैसा या क्षेत्रात आला. पण गुंतवणूकदार जमीन स्वस्त असेल तिथे आणि परतावा जास्त असेल त्या प्रकारची घरे बांधतो. त्यामुळे काही भागांत एकाच प्रकारची घरे रिकामी, आणि दुसरीकडे माणसे वाट पाहत बसलेली, असे दोन्ही एकाच वेळी दिसू लागले. शहराच्या कडेला बांधलेले उत्तम घर बस, बहीण, डॉक्टर आणि नोकरी यांपासून दूर असेल तर त्याच्या रुंद दारांतून जायचे तरी कुठे? जागा निवडताना नकाशावर आधी त्या माणसाची माणसे शोधावीत, मग जमीन.

एक आक्षेप इथेच विचारात घेतला पाहिजे. काही अभ्यासक आणि कार्यकर्ते म्हणतात की विशेष घरे ही कल्पनाच चुकीची आहे. सगळी घरे सुगम बांधा म्हणजे वेगळी घरे लागणार नाहीत. या म्हणण्यात मोठे तथ्य आहे. अमेरिकेत एलेनॉर स्मिथ यांनी १९८७ मध्ये अटलांटात सुरू केलेल्या चळवळीची मागणी अगदी मोजकी होती: नव्या प्रत्येक घराला पायरी नसलेले एक प्रवेशद्वार, आतून व्हीलचेअर जाईल एवढी दारे, आणि तळमजल्यावर वापरता येईल असे शौचालय. एवढे झाले तरी दिव्यांग माणूस मित्राच्या घरी जाऊ शकतो, आणि घरातल्या कोणाला उद्या अपंगत्व आले तर घर सोडावे लागत नाही. हे सर्वत्र सक्तीचे व्हायला हवे. तरीही त्याने होइस्टचा रूळ येत नाही, पर्यायी वीज येत नाही, रात्री तीन वाजता कूस बदलून देणारा माणूस येत नाही. साधी घरे सुगम होण्याने विशेष घरांवरचा ताण उतरेल, पण गरज संपणार नाही. 'सगळीच सुगम करू' असे म्हणत विशेष घरे पुढे ढकलली, तर सर्वाधिक आधार लागणारी माणसे पुन्हा सर्वांत मागे राहतील.

आता मूळ मुद्दा. १९६२ साली एड रॉबर्ट्स या तरुणाला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत प्रवेश मिळाला. पोलिओने मानेखालचे बहुतेक शरीर निकामी झालेले, आणि श्वासासाठी आयर्न लंग नावाचे अवजड यंत्र. विद्यापीठाच्या वसतिगृहांत ते यंत्र राहू शकेना, तेव्हा त्यांची सोय आवारातल्या कॉवेल रुग्णालयात करण्यात आली. रॉबर्ट्स यांनी ती स्वीकारली, पण एका अटीवर: तो भाग वसतिगृह मानला जावा, रुग्णालय नव्हे. त्या अटीचे मोल मला फार वाटते. खोली तीच, भिंती त्याच, यंत्रही तेच. फरक एवढाच की तिथला माणूस रुग्ण नव्हता, राहणारा होता. पाठोपाठ आणखी तीव्र अपंगत्व असलेले विद्यार्थी तिथे आले आणि त्या सहवासातून पुढे १९७२ मध्ये दिव्यांगांनीच दिव्यांगांसाठी चालवलेले बर्कलीतले स्वतंत्र जीवन केंद्र उभे राहिले. बाहेर राहू शकतील असे डॉक्टरांनी सांगूनही माणसांना संस्थेत ठेवणे हा भेदभाव ठरू शकतो, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्मस्टेड खटल्यात सांगितले ते त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १९९९ मध्ये. स्वीडनने बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या मोठ्या संस्था बंद करण्यासाठी १९९९ अखेरची मुदतच कायद्याने घातली होती.

आज तत्त्वाबद्दल वाद उरलेला नाही. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या दिव्यांग हक्कविषयक कराराचे १९ वे कलम सांगते की कुठे आणि कोणासोबत राहायचे हे निवडण्याची संधी दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने असली पाहिजे, आणि एखाद्या ठरावीक निवासव्यवस्थेतच राहण्याची सक्ती तिच्यावर असता कामा नये. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातही पाचव्या कलमात हेच तत्त्व आले आहे. अडचण अशी की मोठी संस्था बंद करून तिचे पाच छोटे तुकडे करणे यालाच पुष्कळ ठिकाणी सुधारणा समजले जाते. या कराराच्या समितीने २०१७ मध्ये केलेल्या विवेचनात स्पष्ट केले आहे की संस्था तिच्या आकारावरून ओळखायची नसते. मदतनीस इतरांसोबत वाटून घेण्याची सक्ती, कोणाकडून मदत घ्यायची यात मत नसणे, सहनिवासी निवडता न येणे, जेवणाझोपेचे सगळ्यांना एकच वेळापत्रक, ही लक्षणे सहा जणांच्या घरात असू शकतात आणि एका माणसाच्या फ्लॅटमध्येही असू शकतात.

आणि ही लक्षणे टिकून राहण्याचे मुख्य कारण, माझ्या मते, घरमालक आणि सेवादाता एकच असणे हे आहे. रात्रपाळीचा मदतनीस वेळेवर येत नाही, अंघोळ घालताना हात जोरात ओढतो, औषधाची वेळ चुकवतो. तक्रार कोणाकडे करायची? ज्याच्याकडे तक्रार करायची त्याच्याच हातात डोक्यावरचे छप्पर आहे. सेवा बदलायची म्हटली तर घर सोडावे लागते, आणि दुसरे घर मिळायला वर्षे लागतील हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. आईवडीलसुद्धा अशा वेळी आवाज खाली आणतात. याला दुर्लक्ष म्हणता येणार नाही, त्यांच्याजवळ दुसरा मार्गच ठेवलेला नसतो. जी व्यक्ती बोलून सांगू शकत नाही तिच्या बाबतीत तर ही गाठ धोकादायक आहे, कारण गैरवर्तन बाहेर येण्याची एकमेव वाट बाहेरच्या माणसाच्या नजरेतून जाते, आणि त्या घरात बाहेरचा माणूस येतच नाही.

म्हणून भाडेकरार राहणाऱ्याच्या नावे हवा. त्यात सर्वसाधारण भाडेकरूचे सगळे संरक्षण हवे, आणि सेवादाता बदलल्याने त्या कराराला धक्का लागता कामा नये. ऑस्ट्रेलियातल्या योजनेचा २०२३ अखेरीस प्रसिद्ध झालेला आढावाही याच दिशेने गेला: विशेष घर पुरवणारे आणि तिथली दैनंदिन सेवा पुरवणारे वेगळे असावेत, अशी शिफारस त्यात आहे. यावर संस्थाचालक म्हणतात की दोन पक्ष आले की जबाबदारी टोलवली जाईल. होइस्ट बंद पडला तर मालक सेवेकडे बोट दाखवेल आणि सेवा मालकाकडे. ही भीती अवास्तव नाही. पण तिचे उत्तर करारात आहे. कोणती दुरुस्ती कोणाची, ती किती तासांत व्हायला हवी, तोवर पर्यायी सोय कोणाची, हे आधीच लिहून ठेवता येते. एकाच पक्षाच्या मर्जीवर माणूस सोडला तर मात्र लिहून ठेवलेले काहीही उपयोगाचे राहत नाही, कारण ते लागू करायला सांगणारा कोणी उरत नाही.

आईवडिलांचा आक्षेप याहून वेगळा आणि अधिक जड आहे. त्यांना स्वातंत्र्याची भाषा ऐकून धास्ती वाटते. स्वतंत्र फ्लॅटमध्ये मुलगा एकटा पडला तर? मदतनीस आलाच नाही तर कळणार कोणाला? संस्थेत निदान चार माणसे असतात. हा आक्षेप हक्कांच्या घोषणांनी झटकून टाकणाऱ्यांविषयी मला राग आहे, कारण एकाकीपणा खरा असतो आणि स्वतंत्र घरात माणूस दिवसचे दिवस कोणाशी न बोलता राहू शकतो. पण एकटेपणा आणि संस्था या दोहोंच्या मध्ये बरीच जागा आहे. स्वीडनमध्ये १९६४ मध्ये सुरू झालेल्या फोकस या उपक्रमाने साध्या निवासी इमारतींत विखुरलेले सुगम फ्लॅट घेतले आणि त्या सगळ्यांसाठी चोवीस तासांची मदत त्याच इमारतीत ठेवली. दार आपले, स्वयंपाकघर आपले, शेजारी सर्वसामान्य, आणि हाकेच्या अंतरावर माणूस. साठ वर्षांपूर्वीच्या त्या रचनेतही उणिवा होत्या, मदतनीस कोण येणार हे राहणाऱ्याच्या हाती नव्हते, पण सुरक्षितता हवी तर संस्थाच हवी हे समीकरण तिने तेव्हाच मोडले होते.

ज्याला बौद्धिक अपंगत्व आहे त्याने निवड करायची कशी, हेही विचारले जाते. दोन घरांत प्रत्येकी काही दिवस राहिल्यावर कुठे तो शांत झोपला, कुठे नीट जेवला, कोणाला पाहून खूश झाला आणि कोण खोलीत आल्यावर आक्रसला, हे त्याला ओळखणाऱ्यांना दिसते. निवड दरवेळी वाक्यात सांगितली जात नाही. सहनिवाशांच्या बाबतीत तर हीच रीत सगळ्यांसाठी योग्य आहे. समान निदान असलेल्या तिघांना एकत्र ठेवणे सोयीचे असते ते कार्यालयाला. रात्री ओरडणारा आणि आवाजाने घाबरणारा यांना केवळ प्रमाणपत्र सारखे म्हणून एका भिंतीआड ठेवणे दोघांवरही अन्याय करणारे आहे.

शोध लवकर सुरू व्हावा, हे तर आग्रहाने सांगायला हवे. आईवडील धडधाकट असताना, मूल विशी-पंचविशीत असताना, इतर मुले जशी घराबाहेर पडतात तसे त्यालाही पडता यावे. संकटात घेतलेल्या जागा तात्पुरत्या म्हणून घेतल्या जातात आणि कायमच्या होतात. रुग्णालयातून सुटी द्यायची घाई असते, घर तयार नसते, आणि चाळिशीतला माणूस वृद्धाश्रमात जाऊन पडतो. ऑस्ट्रेलियाने ६५ पेक्षा कमी वयाच्या कोणालाही वृद्धांच्या निवासात राहावे लागू नये यासाठी १ जानेवारी २०२५ ही तारीख ठरवली होती. अशी तारीख ठरवावी लागली यातच त्या चुकीचे प्रमाण दिसते.

आणि शोधणाऱ्याच्या हाती माहिती हवी. आज प्रत्येक घराविषयी 'सुगम' एवढा एक शब्द लिहिलेला मिळतो आणि खरे काय ते कुटुंबाला खेटे घालून कळते. त्याऐवजी जिथे जिथे विशेष घरांची नोंद ठेवली जाते तिथे प्रत्येक घराचा मोजमापांचा तक्ता सक्तीचा असावा: दारांची मोकळी रुंदी, उंबऱ्याची उंची, बाथरूममधली वळायची जागा, होइस्टचा रूळ कुठून कुठपर्यंत, वीज गेल्यावर किती वेळ, रात्री मदत इमारतीत आहे की फोनवर, आणि आधीपासून राहणारे कोण कोणत्या वेळी झोपतात. त्याच्यासोबत भाडेकराराचा मसुदा आणि सेवेचा मसुदा हे दोन वेगळे कागद आधीच हाती पडावेत. त्यांवर सही करण्यापूर्वी त्या घरात निदान आठवडाभर राहून पाहण्याची मुभा असावी, आणि राहून पाहिल्यावर त्या व्यक्तीने नको म्हटले, तर प्रतीक्षायादीतला तिचा क्रमांक एका अंकानेही खाली जाऊ नये.